चारशे बारा पावणं

तपासायला आलेल्या आक्काच्या कादंबरीत पहिल्याच पानावर ‘परग्रहवासी’ हा शब्द दिसला आणि अनुजाने चहाचा कप खाली ठेवला. संगणकाला शोधायला सांगितलं, तर त्याने निमूट आकडा दिला: चारशे बारा. चारशे बारा ठिकाणी परग्रहवासी, आणि ‘पावणं’ एकदाही नाही.

आक्का म्हणजे तिची आई. मामा-मावश्या आक्का म्हणत, म्हणून अनुजाही आक्काच म्हणायची. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं ती चौकशीच्या खिडकीत बसली आणि तिथेच, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, आरक्षणाच्या रद्द तक्त्यांच्या पाठीवर तिने नऊ कादंबऱ्या लिहिल्या. तिच्या पुस्तकांत शनीवरची, मंगळावरची, कुठल्या कुठल्या अंधारातली मंडळी स्टँडवर उतरायची. त्यांना बघून कोणी पळायचं नाही की पोलीस बोलवायचं नाही. प्रत्येकाचा प्रश्न एकच: कुठलं पावणं? जेवलासा काय? समीक्षकांनी तिला विज्ञानकथेतही धरलं नाही आणि अद्भुतातही नाही. आपली गाडी कुठल्याच फलाटाला लागत नाही, असं ती म्हणायची आणि पुढची कादंबरी लिहायला घ्यायची.

तिला जाऊन चार महिने झाले होते. आणि आता पुण्याच्या एका प्रकाशकाला तिची पहिली कादंबरी, ‘शनीची शेवटची गाडी’, पुन्हा छापावीशी वाटली होती. आज मंगळवार. शुक्रवारी पुस्तक छपाईला जाणार.

अनुजाने संपादकाला फोन लावला. आदर्श नावाचा शांत मुलगा होता, त्यामुळे तर तिला आणखीच राग आला. शनीवरून आलेल्याला ‘आपण कोणत्या ग्रहावरून आला आहात’ असं विचारणारा हमाल कोल्हापुरात तिने तरी पाहिला नव्हता, हे तिने त्याला ऐकवलं. वाचकाला बोली कळत नाही म्हणून माणसांची जीभच कापायची का, हेही विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, मी फक्त स्वल्पविराम बघितले,” तो म्हणाला. “दुरुस्त्या लेखिकेच्याच आहेत. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत.”

पाठोपाठ फोनवर पानांचे फोटो आले. ओळीच्या ओळी पांढऱ्या शाईने झाकलेल्या, आणि त्या सुकलेल्या पांढऱ्यावर निळ्या पेनाने टपोरं, शुद्ध मराठी. अक्षर अनुजाचं होतं.

बारावीच्या सुट्टीतलं. त्या वर्षी ती पुष्कळ वाचत होती आणि आईची भाषा मैत्रिणींच्या घरी जाऊ नये असं तिला वाटत होतं. दोन बाटल्या शाई संपवून तिने पुस्तक सुधारलं. आक्काने चार पानं उलटून पाहिली. “अक्षर बरं हाय तुझं,” एवढंच म्हणाली आणि पुस्तक कपाटात ठेवलं. पुढची एकही कादंबरी छापून येईपर्यंत तिने लेकीला दाखवली नाही. तेच पुस्तक अनुजाने तेराव्यानंतर कपाटातून काढलं, उघडून बघायचं धाडस झालं नाही, त्या शाईची आठवणही आली नाही, तसंच कुरिअर केलं.

हे तिने आदर्शला सांगितलं. सांगताना आवाज सरळ ठेवला. तो म्हणाला, ‘पावणं’ एका झटक्यात परत घालता येईल, पण शाईखालची बाकीची वाक्यं? शाई न लागलेली कोरी प्रत मिळाली तर तो सगळं बदलेल. नाही मिळाली तर आहे तेच छापावं लागेल.

कोरी प्रत एकाकडेच असणार. पिराजीकाका, निवृत्त कंडक्टर, आक्काचे पहिले वाचक. ते आता आजऱ्याला लेकाकडे असत. बुधवारी सकाळी अनुजा लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी पुढच्या सोप्यात हजर झाली. पुस्तक होतं. पण काकांनी ते हातात द्यायला साफ नकार दिला, फोटोही काढू देईनात. एकदा एका साहेबाला दिलेलं दुसरं पुस्तक परत आलं नव्हतं. “मी वाचतो, तू लिव्ह,” म्हणाले.

मग सुरू झालं. काका खड्या आवाजात वाचत, मध्येच थांबत, आणि जिथे आक्काचं चुकलं असं त्यांना वाटे तिथे परस्पर दुरुस्त करून वाचत. ड्रायव्हर असं बोलत नाही. हमालाच्या तोंडी एक शिवी पाहिजे. अनुजा दर चार ओळींनी, छापलंय तसं वाचा, म्हणून सांगत होती. अख्ख्या जिल्ह्यात आक्काचं पुस्तक न सुधारता ठेवणारा एक माणूस सापडू नये, याने तिचं डोकं भणभणलं.

दुपारी पुस्तकातली गाडी स्टँडबाहेर पडली आणि काकांनी चष्मा काढला.

“पावण्याला हुपरीला न्यायचं, तर कागलवरनं कशाला? उगंच फेरा. हितं सरळ मार्ग लिव्ह.”

“काका, कागल छापलंय ना?”

“छापलंय. पर चूक हाय की. चोवीस वर्सं त्या मार्गावर हुतो मी.”

“आणि ती एकतीस वर्षं लोकांना गाड्या सांगत होती. तिला माहीत नव्हतं?”

काकांनी बोट घालून पुस्तक मिटलं. “तवा मी इचारलं हुतं,” ते म्हणाले. “तर मला म्हनली, घाई तुला हाय पिराजी, पावण्याला न्हाय.”

अनुजाने ‘कागल’ टंकलं. अजून एकशे साठ पानं उरली होती. “पुढं वाचा,” ती म्हणाली. काकांनी चष्मा लावला, वाचू लागले: गाडीतली एक म्हातारी पावण्याला सरकून जागा देते आणि त्याच्या अद्भुत तेजाकडे बघत राहते.

अनुजाचा हात थांबला.

“‘अद्भुत’ तिचा नाही.”

काकांनी पान डोळ्यांजवळ नेलं. बोट ओळीवरून सावकाश फिरवलं.

“न्हाय,” ते म्हणाले. “तिनं ‘तेजाकडं’ एवढंच लिवलंय.”

“मग तेवढंच वाचा.”