कानाला न पोचलेला हात

“घे रे कोंबडा, फॅक्सन. माणसं उन्हात ताटकळलीत,” नवऱ्या मुलाचे मामा लिपेंगा म्हणाले.

आमच्याकडे मुलीच्या मामाने मुलाकडचा कोंबडा हातात घेतला की लग्न ठरलंच. पाद्री वगैरे मागून. पण तियामिकेचा मामा फॅक्सन आंब्याखाली हात मांडीखाली दाबून बसला होता.

“तियामिके सोळाची आहे. मी नाही घेणार.”

हशा पिकला. फॅक्सन जिल्हा कचेरीतला कारकून. बालहक्कांचे करार आमच्या चिचेवा भाषेत त्यानेच टाइप केलेले, आणि वीस वर्षं सायकलवरून गावोगाव वाचलेलेही. अठराच्या आतलं ते मूल. मुलाला शाळा, मुलाचं लग्न नाही. तो दिसला की पोरं ओरडत, “अठरा आला, अठरा!”

“सोळा?” लिपेंगांनी खिशातून दाखला काढला. “इथे तर अठरा पुरी. सही तुझी. वाच की! करार तर घडाघडा वाचतोस.”

अक्षर त्याचंच होतं. ते दुष्काळाचं साल. विधवा बहीण एनिफा तंबाखूच्या मळ्यावर राबायची आणि चार वर्षांची तियामिके दिवसभर उपाशी. शाळेत लापशी मिळे, पण सहा वर्षं पुरी हवीत. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल सहाचं, असं मास्तर मानायचे. तिची बोटं टाळूवरच थांबली. फॅक्सनने मुकाट्याने दोन वर्षं वाढवून दाखला लिहून दिला. पोर जगली.

“दादा, गुमान घे तो कोंबडा,” एनिफा पुटपुटली. लग्न तिनेच परस्पर ठरवलं होतं. “त्यांची गिरणी आहे. माझी पोर पिठाला मोताद नाही व्हायची. आणि खोटं लिहिलं म्हणालास, तर नोकरी जाईल तुझी.”

बहिणीचंही चुकत नव्हतं, याचंच त्याला फार वाईट वाटलं. दारात तियामिके उभी होती, डोळे सुजलेले. काल ती म्हणाली होती, “मामा, परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. तुम्ही वाचता ते माझ्यासाठी नाही का?”

फॅक्सन उठला आणि गावप्रमुख नाफिरी आजींपुढे गुडघ्यांवर बसला.

“आजी, दाखला खोटा आहे. मीच लिहिला.”

हशा विरला. “मग माझ्या नातवाचा दाखला? तोही याच्याच हातचा!” एक जण ओरडला. “दिव्याखालीच अंधार!” दुसरा म्हणाला.

नाफिरी आजींनी हात वर केला. “मामाने कोंबडा घेतला नाही, तर लग्न नाही,” त्या म्हणाल्या. “पण उद्या कचेरीत जाऊन हेच सांगायचं, फॅक्सन.”

“सांगेन, आजी.”

लिपेंगा कोंबडा काखोटीला मारून निघून गेले. उरलेल्यांना एनिफाने न्सिमाची, मक्याच्या घट्ट उकडीची, ताटं वाढली. भावाला वाढलं नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही.

तो सायकल काढत होता, तेवढ्यात तियामिके जेवणाआधीचं हात धुवायचं पाणी घेऊन आली आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. ताट येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने पाणी ओतलं. त्याने दोन्ही हात नीट धुतले.