ब्रेलीच्या फळीवरच्या सह्या

नेब्रास्कातल्या त्या आडवळणाच्या काउंटीत आर्डिस तीन उन्हाळे सह्या गोळा करत होती. गांजाला औषध म्हणून परवानगी द्यावी का, हे राज्यातल्या लोकांनीच मत देऊन ठरवावं, यासाठी. सह्या पुरेशा झाल्या तर नोव्हेंबरात मतदान, नाहीतर सगळं मुसळ केरात. नवऱ्याचे, एल्डनचे, हात इतके थरथरत की सूप तोंडाऐवजी मांडीवर जाई. गांजाला परवानगी असलेल्या शेजारच्या कोलोरॅडोतून लपवून आणलेल्या गोळीने ते जरा शांत होत. ती गोळी त्याला उजळ माथ्याने मिळावी, एवढंच तिचं मागणं होतं.

यंदा सह्या गोळा करायला ब्रेलीही उगवली. वय पंचविशीचं, कडेवर गुटगुटीत बाळ. जूनअखेरच्या गावजत्रेत ती सरबताच्या टपरीशी उभी राहिली आणि तिच्याभोवती ही गर्दी. आर्डिस डुकरांच्या गोठ्याशी घाम पुसत उभी. तीन वर्षं तिला टाळणारे पाद्रीबाबासुद्धा ब्रेलीच्या कागद अडकवलेल्या फळीवर सही करून गेले, तेव्हा आर्डिसच्या अंगाचा तिळपापड झाला. कामाचं भलं होतंय हे तिला कळत होतं, पण ते या पोरीच्या हातून व्हावं हे काही केल्या बघवत नव्हतं.

दुपारी ब्रेली बाळाचा लंगोट बदलायला गेली. फळी टपरीवरच राहिली आणि लोक आपले येऊन सह्या करत राहिले. सही गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांदेखतच व्हायला हवी, नाहीतर कागद बाद. आर्डिस तिला हाक मारू शकली असती. ती तडक मोहिमेचं काम बघणाऱ्या रस्टीकडे गेली आणि त्याला सगळं सांगितलं.

"ब्रेली, या सगळ्या तुझ्यासमोर झाल्या? तशी शपथ घ्यायचीय तुला," रस्टीने विचारलं.

"सगळ्या नाही हो. बाळानं घाण केली होती," ब्रेली कसनुशी हसली. "आता?"

"आता काय? हा गठ्ठा गेला. उद्या सकाळी राजधानीत कागद द्यायचेत आणि आपल्या काउंटीच्या ठरलेल्या सह्या कमी पडतायत." त्याने आर्डिसकडे पाहिलंही नाही.

जत्रेतून निघताना गाडीत एल्डन खुशीत होता. "केली बरं मी सही. त्या बाळवाल्या पोरीकडे."

"तिच्याकडे?" आर्डिसने किल्ली लावता लावता विचारलं. "मी काय मेले होते?"

"तू कधी मागितलीस? सगळ्या गावाच्या दारात गेलीस, मला नाही विचारलंस."

तिने मुद्दामच विचारलं नव्हतं. थरथरती सही मतदार नोंदणीतल्या सहीशी जुळणार नाही, आपल्या स्वच्छ कागदाला डाग लागेल, म्हणून.

"वेळ लागला मला," एल्डन म्हणाला. "पण पोरीनं गुडघ्यावर फळी धरून ठेवली. म्हणाली, सावकाश करा, मला घाई नाही. अख्खं नाव लिहिलं मी, आर्डिस. मोजतील ना गं ती?"

आर्डिसने गाडी सुरू केली. "मोजतील," ती म्हणाली.