पोरींची शर्यत, सकाळी सात

"आवं आप्पासो, पोरींची शर्यत दरवर्षी शेवटीच का असती?"

विचारलं एकदाचं! मागे पंपघराच्या भिंतीआड रेश्मा आणि अपेक्षा तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. विचारायची माझी छाती होणार नाही, अशी त्यांची पैज होती.

आप्पासो आमच्या शेतीच्या पाणी योजनेचे ऑपरेटर. अठ्ठावीस वर्षं नदीकाठच्या मोटरी चालू-बंद करतायत. कृष्णेत हौशी पोरांच्या कयाकच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हापासून वेळापत्रक तेच लावतात, कारण पाणी कधी किती असेल हे त्यांनाच कळतं. सगळ्या मोटरी सुरू झाल्या की काठाचं पाणी हातभर उतरतं आणि कयाक सरळ गाळात!

"शेवटी न्हाई गं," ते म्हणाले, "येळ उरली तर असती."



खरंच होतं ते. मागच्या वर्षी आम्ही जॅकेट घालून बसलो तेव्हा लाउडस्पीकर, गर्दी आणि झेंडेवाला, सगळे क्रिकेटच्या फायनलला पळाले होते. रेश्मा पहिली आली. बघायला दोन म्हशी.

"यंदा कवा?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. पहिल्या रविवारी क्रिकेट, दुसऱ्याला बैलगाड्या, तिसऱ्याला कुस्त्यांचं मैदान, चौथ्याला शाळेचं गॅदरिंग. "सांग, कुटं घुसवू?"

"कुस्त्या किती वाजता?"

"दुपारी तीनला. पर माणसं सकाळपास्नंच येत्यात."

"आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा का रात्री?"

आप्पासोंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दिवसा. साडेआठला येती."

"म्हणजे रात्रभर मोटरी बंद! सातला नदी भरलेली! पोरी सातला, पोरं पावणेआठला."

"आयला!" आप्पासो म्हणाले.

मग आम्ही दोघं कुस्ती कमिटीच्या दिग्विजयकाकांकडे गेलो. मैदानाच्या दिवशी गावात दुसरा कार्यक्रम झालेला त्यांना खपत नाही. ते मिशीतल्या मिशीत हसले.

"पोरींची शर्यत? आमचं पैलवान बघत्यात व्हय?"

"आवं काका, तीन वाजेपर्यंत त्यांनी करायचं काय? मांड्या थोपटत बसायचं?"

बाहेर बसलेले दोन पैलवान फिसकन हसले. मग काकाही. "साडेआठला तुमचा भोंगा बंद झाला पायजे. आनि सहीचा कागद आणून दे."

मी उड्या मारत पंपघरात आले. वेळापत्रकाचा कागद मीच लिहिला, ठळक अक्षरात. आप्पासोंनी पेन माझ्याच हातात परत दिलं.

"सही तुजी. माजी बघितली तर पोरं म्हणतील, म्हातारं चुकलं, आनि तुमाला परत मागं ढकलतील. मला भांडता येत न्हाई. तुला येतंय."

मी पेन टेकवणार, तेवढ्यात त्यांनी कागदावर हात ठेवला.

"एक ऐक पयलं, प्रांजल. जो वेळ लावतो, तो त्या साली वल्हं धरत न्हाई. पाणी सोताच्या सोयीनं लावलं, असं कुणी म्हणाय नगं. रीतच हाय आपली."

मी तीन महिने पहाटे उठून सराव केला होता. हाताला घट्टे पडले होते.

"म्हणजे तुमी कधीच…?"

"पयल्या साली नाव दिलं हुतं मी." त्यांनी हात उचलला. "निळी बोट हुती. लय हलकी." आणि मोटरीचा आवाज बदलल्यासारखं दाखवून ते उठून आत गेले. मोटर तर बंदच होती.

भिंतीआडून रेश्मा ओरडली, "काय म्हनलं गं?" मी सही केली. पूर्ण नाव घालून.

घरी मम्मी भाकरी थापत होती. फौजेतून रिटायर होऊन आलेले पप्पा माझं वल्हं पॉलिश पेपरनं घासत होते. मन लावून, बंदूक साफ करावी तसं.

"हे बघ, कसं गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. "यंदा पहिला नंबर!"

"मम्मी, पप्पा, ऐका," मी म्हणाले. "मी यंदा शर्यतीत नाही. पोरींची शर्यत तिसऱ्या रविवारी सकाळी सातला आहे, सगळ्यात आधी. आणि शिट्टी मी वाजवणार आहे."