आक्काला आणताना तापलेली गाडी

धामणकर नाक्याजवळ काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. हिरामणने जुनी पिकअप कशीबशी कडेला घेतली.

"बघ, गाडीलापन मला न्यायचं न्हाय," शेजारी बसलेली आक्का म्हणाली.

आक्का त्याची मोठी बहीण. नवरा गेल्यावरही कापड विणणाऱ्या लूमच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत एकटीच राहायची. हिरामण बायको विनितासोबत काल्हेरला राहायचा; रोज संध्याकाळी येऊन तो आक्काला घरी चल म्हणून विनवायचा. शेवटी आज ती निघाली, पण "दोन दिवसच हां" असं बजावून. हिरामणने मात्र गादी, भांडी, शिलाई मशीन सगळं मागे चढवलं होतं.

तो रेडिएटरच्या टोपणाला हात घालायला गेला तशी आक्का ओरडली, "भाजशील! थंड होऊ दे आधी."

"अजून ओरडतेस तू," तो हसला.

दोघं दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसली. इंजिन निवल्यावर हिरामणने टोपणावर फडकं धरून ते हळूच उघडलं. पाणी थोडंच कमी झालं होतं. पंख्याचा पट्टा घट्ट होता, नळी कुठे गळत नव्हती. मग त्याने पुढची जाळी काढली. आत रेडिएटरवर सुताची लव गोधडीसारखी चिकटली होती. वारा आत जाणार कुठून?

आक्काने चिमटीत थोडी धरून उजेडात पाहिली. निळी होती.

"ही आमच्या खालच्या लूमची. महिनाभर निळाच माल चाललाय." ती थबकली. "तू गाडी कुठं लावायचास रे?"

"तिथंच, त्यांच्या खिडकीखाली. तू दार उघडायची न्हाईस, मग गाडीतच बसायचो. उकडायचं, म्हनून इंजिन चालू ठेवून पंखा लावायचो."

"मला वाटायचं, तू निघून गेलास."

"तुझा दिवा बंद झाला की निघायचो."

पदर खोचून आक्काने सामानातून कपड्यांचा मऊ ब्रश काढला.

"हळू आक्का, पात्या वाकतील."

"मला नको शिकवू."

ती अलगद ब्रश फिरवत होती, हिरामण मागच्या बाजूने बाटलीने पाणी सोडत होता. लवेचे ओले पुंजके गळून पडत होते. त्याच्या भुवईवर चिकटलेला एक पुंजका तिने पदराने पुसला.

त्याने रेडिएटर पाण्याने भरला, टोपण घट्ट बसवलं आणि चावी फिरवली. बराच वेळ इंजिन चालू ठेवलं, तरी काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही.

गाडी काल्हेरच्या रस्त्याला लागली. आक्काने फोन काढून खोलीच्या मालकाला लावला.

"जानकीबाईंना भाड्यानं खोली हवी होती ना? देऊन टाका त्यांना," ती म्हणाली. "हा, कायमची चाललीय मी. भावाकडं."

हिरामणने वळून तिच्याकडे पाहिलं, त्याचे डोळे भरून आले होते.

"समोर बघून चालव," आक्का म्हणाली. "आनि विनिताला सांग, आज कालवन मी करनार."