चौतीस विकेटांचा धनी

हिवरखेडच्या त्या शाळेला मैदान होतं, पण त्याच्या निम्म्या भागावर संस्थाध्यक्षांच्या कपाशीची वाळकी पऱ्हाटी रचलेली असायची. उरलेल्या निम्म्यात तनवीर सरांनी अख्ख्या जिल्ह्यातला सगळ्यात खतरनाक गोलंदाज तयार केला होता. अडचण एवढीच होती, की तो गोलंदाज शाळेत नव्हता.

जिब्रान आदल्या वर्षीच दहावीच्या गणितात गचकला होता. आता तो बापाच्या पिंजाऱ्याच्या दुकानात गाद्या भरायचा आणि संध्याकाळी येऊन सरांच्या पोट्ट्यांच्या दांड्या उडवायचा. आंतरशालेय स्पर्धेत खेळायला मात्र पटावर नाव लागतं. तेव्हा तनवीर सरांनी तालुक्यात सगळे करतात तेच केलं, डमी लावला. डमी म्हणजे पटावरच्या एखाद्या न खेळणाऱ्या पोराचं नाव घ्यायचं आणि त्या नावाने भलताच पोरगा मैदानात उतरवायचा. यावर कोणी तक्रार करत नसे. तक्रारीला ज्याने तोंड उघडायचं, त्याच्याही संघात दोन मिशीवाले असायचेच.

सरांनी नाव निवडलं ते शिवमचं. शिवम वर्गात पहिला. त्याचा बाप जानराव त्याला मैदानाच्या कडेलाही उभा राहू देत नसे. बॉल लागला तर पोराच्या डोक्यातलं गणित सांडेल अशी त्याला धास्ती. ओळखपत्रावर शिवमचा फोटो इतका काळा आला होता, की त्यात फक्त दोन कान ओळखू यायचे, आणि कान तर जिब्रानलाही होतेच. बाकी तयारी सरांनी पाठ करून घेतली. झोपेतून उठवून विचारलं तरी जिब्रान म्हणायचा, "शिवम जानराव गावंडे, दहावी ब, हजेरी नंबर सतरा." विकेट पडली की त्याच्या तोंडून 'सुभानअल्ला' निघायचं. एका अंपायरने कान टवकारल्यावर सरांनी तेही बंद केलं. सात सामन्यांत त्याने चौतीस विकेट काढल्या आणि चौतीसच्या चौतीस शिवमच्या खात्यावर जमा झाल्या.

तनवीर सर स्वतः शिक्षणसेवक होते, म्हणजे तीन वर्षं मान खाली घालून काम करायचं आणि मग कायम व्हायचं. ती तीन वर्षं एकतीस जुलैला पुरी होणार होती. अकोटला इफ्फतशी त्यांची सगाई होऊन दोन वर्षं उलटली होती. तिच्या अब्बांनी साफ सांगितलं होतं, आधी कायमची ऑर्डर दाखवा, मग निकाहची तारीख काढू. त्यामुळे एकतीस जुलैपर्यंत आपल्या नावाने कुठे कागद हलू नये, एवढीच सरांची अल्लाकडे मागणी होती. क्रीडाशिक्षकाच्या मानाने मागणी काही फार नव्हती.

पण ते साल दोन हजार सहा होतं. वऱ्हाडातून पेपरात जायची ती बातमी वाईटच असायची. दर आठवड्याला दिल्लीहून नाहीतर मुंबईहून कोणती ना कोणती समिती पांढऱ्या गाड्यांतून यायची, बांधावर उभी राहून मान हलवायची आणि सर्किट हाऊसवर जाऊन जेवायची. अमरावतीचे बियाण्याचे बडे व्यापारी उत्तमराव यांना वाटलं, आता इथून एखादी चांगली बातमीही जावी आणि त्यात आपला फोटो असावा. त्यांनी 'गुणवंत गोलंदाज गौरव' जाहीर केला. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या ज्या शाळकरी गोलंदाजाने स्पर्धेत पंचवीसच्या वर विकेट काढल्या असतील आणि दहावीला ऐंशी टक्क्यांच्या वर गुण मिळवले असतील, त्याला शील्ड आणि खिळ्यांचे अस्सल बॉलिंग शूज.

गोलंदाजच का, असं एका पत्रकाराने विचारलं. उत्तमराव म्हणाले, "फलंदाजाचं काय कौतुक करता? गोलंदाज म्हनजे शेतकरी. घाम त्याचा, टाळ्या दुसऱ्याच्या." हे वाक्य दुसऱ्या दिवशी चौकटीत छापून आलं. उत्तमरावांचं बियाणं ज्यांनी पेरून पाहिलं होतं, त्यांनी त्या चौकटीत भजी खाल्ली.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि आयोजकांची पंचाईत झाली. ज्यांच्या विकेट होत्या त्यांना गुण नव्हते आणि ज्यांना गुण होते त्यांनी बॉल हातात धरला नव्हता. दोन जिल्ह्यांच्या याद्या चाळून एकच नाव उरलं. शिवम जानराव गावंडे, हिवरखेड. विकेट चौतीस, टक्के अठ्ठ्याऐंशी.

मुख्याध्यापक किसनरावांनी शाळेच्या फाटकावर फलक लावला. जानरावाने त्यातले फक्त टक्के वाचले. सर घामाघूम होऊन त्यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "तनवीर सर, संघाच्या यादीवर माहीबी सही आहे. तुमी फक्त तोंडाले कुलूप लावा. एकतीस तारखेले तुमची ऑर्डर मीच हातात देतो."

मग सर जिब्रानच्या दुकानात गेले. शिवमलाही तिथेच बोलावलं. शिवम कापसाच्या गठ्ठ्यावर अवघडून बसला होता. त्याला लाज वाटत होती आणि ती लपवता येत नव्हती.

"सर, मले बॉल धरताबी येत नाही," तो म्हणाला.

"कोण धराले सांगून राहिलं? शील्ड धर फक्त."

"अन् जिब्रानदादा?"

जिब्रानने कापसातून मान वर काढली. "शील्ड घेऊन मी काय करू बे? त्याच्यात काय गादी भरता येते? मले शूज देजो. फारमात नंबर नऊ टाका, सर."

शिवमचा पाय सातचा होता. सरांनी फॉर्मात नऊ लिहिलं. तो सौदा सगळ्यांना पटला. सरांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. इतक्या विकेट काढणारा पोरगा नुसत्या जोड्यावर राजी होतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं आणि आपणच त्याला राजी केलं, याचं त्याहून जास्त.

समारंभ अठरा जुलैला अमरावतीच्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर होता. पावसाने दडी मारलेली, त्यामुळे मांडवाची गरज पडली नव्हती. पहिल्या रांगेत पुढारी, दुसऱ्या रांगेत दोन जिल्ह्यांचे क्रीडाशिक्षक, मागे पालक आणि पोट्टे. हिवरखेडचे चौघे एस.टी.ने आले होते. शिवम नव्या शर्टात, किसनराव टोपीत, सर चिंतेत आणि जिब्रान शूज न्यायला पिशवी घेऊन.

तासभर भाषणं झाली. शील्ड दिलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. सरांनी मोकळा श्वास घेतला आणि तेवढ्यात उत्तमरावांना हुक्की आली. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "अरे, नुसतं शील्ड काय देता? मीबी कॉलेजात ब्याट धरत होतो. हे शूज घाल पोरा, अन् टाक मले एक बॉल!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. कार्यकर्त्यांनी पाच मिनिटांत लॉनवर चुन्याची रेघ मारली आणि कुठून तरी तीन स्टंप पैदा केले. उत्तमराव गळ्यातल्या हारासकट बॅट घेऊन उभे राहिले. पेपरवाल्यांनी कॅमेरे सरसावले. शिवमने नऊ नंबरचे शूज चढवले. त्यात त्याचे पाय इकडेतिकडे फिरत होते. त्याने एकदा सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली.

शिवम पळाला. त्याला पळणं म्हणायचं ते केवळ दुसरा शब्द नाही म्हणून. रेघेपाशी येऊन त्याने डोळे मिटले आणि बॉल सोडून दिला. बॉल तीन टप्पे घेत रमतगमत निघाला. उत्तमराव षटकार मारायला पुढे सरसावले, बॅट हारात अडकली आणि बॉल मागे जाऊन मधल्या दांडीला टेकला. दांडी थोडा विचार करून पडली.

लॉनवर एकच जल्लोष झाला. "पाहा, पाहा! चौतीस विकेटा काही उगीच नाही!" निवेदक ओरडला. शिवमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं.

"नो बॉल!"

आवाज मागून आला होता. जिब्रान खुर्चीवर उभा होता.

चौतीस विकेट त्याने हसत देऊन टाकल्या होत्या. पण डोळ्यांदेखत पडलेली ही खोटी विकेट त्याला सहन होईना. "पाय रेघेच्या बाहीर होता! चांगला दोन इंच!"

"पाय मांगंच होता," शिवम प्रामाणिकपणे म्हणाला. "जोडा पुढं होता."

सगळे हसले आणि सगळ्यात जोरात उत्तमराव हसले, कारण ते आता नाबाद होते. "शाबास! याले म्हनतात नजर! ये इकडं. तुले येते का टाकता?"

सर खुर्चीतून अर्धे उठले. किसनरावांनी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

जिब्रानने शिवमच्या पायातून शूज काढून घेतले आणि घातले. ते त्याला बरोब्बर बसले. त्याने लॉनवर वीस पावलं मोजली, बॉल पँटीवर घासला आणि धावत आला. उत्तमरावांनी बॅट उचलली, पण ती खाली यायची वेळच आली नाही. बॉल त्यांच्या बुटाच्या टोकाजवळ पडून आत वळला आणि मधली दांडी उपटून पार आचाऱ्याच्या पातेल्यापर्यंत घेऊन गेला. आता कोणी शिट्टी मारली नाही. क्रीडाशिक्षकांच्या रांगेत मात्र काही जण नकळत उभे राहिले.

"बापा रे," उत्तमराव माईकमध्येच म्हणाले. "काय नाव रे तुहं?"

आणि सात सामने घोटून घेतलेलं जिब्रानच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

"शिवम जानराव गावंडे, दहावी ब, हजेरी नंबर सतरा."

शील्ड छातीशी धरलेल्या शिवमकडे लोकांनी पाहिलं आणि मग या शिवमकडे. जिब्रानला आपण काय बोललो ते कळलं, तेव्हा त्याने ओठ चावला आणि सरांकडे पाहिलं.

"अबे, मस्करी करून राहिला का?" उत्तमरावांचा आवाज चढला. "मले उल्लू समजतं? कोणाचा पोट्टा आहे हा? काढा याले बाहीर!"

दोन कार्यकर्ते पुढे झाले. एकाने जिब्रानचा दंड धरला.

किसनराव सरांच्या कानाशी लागले. "बसून राहा. तेरा दिवस राहिले तुमचे. पोट्टा काय, बाहीर जाईन अन् चहा पिईन."

सरांना इफ्फत आठवली, तिचे अब्बा आठवले, ऑर्डरचा तो न पाहिलेला कागदही आठवला. पण जिब्रानचा तो दंड तीन वर्षं त्यांनी घडवला होता, आणि आज कोणीतरी तो चोराचा धरावा तसा धरला होता. ते उठून उभे राहिले.

"सोडा त्याले," ते म्हणाले. "त्याचं नाव जिब्रान आहे. चौतीसच्या चौतीस विकेटा त्याच्या आहेत. शिवमने एकबी बॉल टाकला नाही. नाव मी लावलं. पोट्ट्यांची काही चूक नाही."

"मले गणितात अठ्ठ्यान्नव आहेत," शिवम मध्येच रडवेल्या आवाजात बोलला. "तेवढं खरं आहे."

उत्तमराव लाल झाले. त्यांनी दुसऱ्या रांगेवर नजर फिरवली. "अन् तुमी बाकीचे मास्तर? तुमच्याकडंबी असंच चालते काय?"

रांगेतल्या एकूण एक मास्तरला त्याच क्षणी आपल्या चपलेत काहीतरी दिसलं. खुर्च्याही हलल्या नाहीत.

उत्तमराव व्यापारी माणूस. त्यांना हिशेब लगेच कळला. ही यादी उसवली तर दोन जिल्हे उसवतील आणि पेपरात पुन्हा वाईटच बातमी जाईल. त्यांनी पेपरवाल्यांना बाजूला घेतलं, श्रीखंडाच्या वाट्या पुढे केल्या आणि मघाचा शील्डचा फोटोच छापायचं ठरलं. शील्ड शिवमकडेच राहिलं. शूजच्या खिळ्यांत लॉनचं गवत अडकलं होतं, ते परत घेऊन करायचं काय, म्हणून तेही जिब्रानच्या पायातच राहिले. किसनराव तेवढे बाहेर येऊन फाटकाशी थांबले.

"उद्या अकरा वाजता राजीनामा घेऊन या, तनवीर सर," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थोडा पडलाच होता. "माही सही होती, हे तुमी बोलले नाही. उपकार झाले. पन चारचौघांनी ऐकलं, आता मले वर संस्थेत कोणाचं तरी नाव द्यावंच लागन."

परतवाड्यामार्गे जाणाऱ्या एस.टी.त किसनराव पुढे ड्रायव्हरमागे बसले. शील्ड मांडीवर घेऊन शिवम खिडकीशी झोपून गेला. मागच्या बाकावर सर आणि जिब्रान. अकोट जवळ आलं तेव्हा सरांनी तोंड फिरवून घेतलं. इफ्फतचं घर स्टँडवरून दिसायचं.

"माह्यामुळं झालं, सर," जिब्रान म्हणाला.

"तू चूप बस. दोन इंच बाहीर होता म्हंतो?"

"चांगला दोन इंच."

सर हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. मग जिब्रानने जरा चाचरत विचारलं, "सर, ते दुसरी विकेट कोणाच्या नावावर?"

सरांनी पिशवीतून शाळेची स्कोअरबुक काढली आणि कोरं पान उघडलं. गाडी खड्ड्यांतून चालली होती, म्हणून त्यांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं. उत्तमराव, त्रिफळाचीत, गोलंदाज जिब्रान, धावा शून्य. जिब्रानने ते दोनदा वाचलं. आपलं नाव आपण लिहिलेलं त्याने पुष्कळदा पाहिलं होतं, असं छापील रकान्यात कधीच नाही.

"म्हनजे माही सरासरी किती झाली?"

"शून्य."

"शून्य भेटून पह्यल्यांदाच बरं वाटून राहिलं," जिब्रान म्हणाला. "सही करा ना, सर. सहीबिगर रेकॉर्ड कोण धरते?"

सरांनी सही केली. सहीखाली हुद्दा लिहिताना पेन क्षणभर थांबलं, मग त्यांनी पूर्ण लिहिलं, 'क्रीडाशिक्षक'. उद्या अकरा वाजेपर्यंत ते खरं होतं.