काचेआडच्या शंभर गाठी

मित्रांनो, मी काळ्या लोकरीची एक जुनी जपाची दोरी आहे. अंगावर शंभर गाठी आहेत. बोलायची मला सवय नाही, तेव्हा काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

ग्रीसच्या डोंगरातल्या एका मठात मकारिया नावाच्या वृद्ध भगिनीने मला विणले. एकेका गाठीत ती लोकरीचे नऊ क्रूस गुंफी. मन चुलीवरच्या मसुरीकडे गेले, की "गेलीस ना भटकायला!" असे स्वतःलाच रागावून ती गाठ उसवी आणि पुन्हा घाली. माझी सत्तेचाळिसावी गाठ तिने सहा वेळा उसवली.

पुढे मी डोंगराखालच्या गावातल्या अग्लायाच्या हाती आले. एका गाठीवर एकदा ‘प्रभू येशू, दया कर’ म्हणायचे आणि बोट पुढे न्यायचे. पंधरा वर्षे तिने हा नेम पाळला. गावातल्या बायका म्हणत, "जप करावा तर अग्लायाने!" ते ऐकून मला फार बरे वाटे.

मग तिच्या धाकट्या बहिणीचे, डोम्नाचे, हृदयाचे ऑपरेशन ठरले. शहराकडे निघताना डोम्ना म्हणाली, "ताई, मला दहा वाजता आत नेतील. तेव्हा माझ्यासाठी शंभर गाठी कर. मला फार भीती वाटते गं."

"एकही सोडणार नाही," अग्लाया म्हणाली.

दहाला तिने मला हातात घेतले. पहिल्या नऊ गाठी तिच्या आसवांनी भिजल्या. तेवढ्यात शेजारची फ्रोसो आली.

"ऐकलंस का अग्लाया? सासूबाई पालकाच्या पोळीत मीठ घालायलाच विसरल्या. वर म्हणतात, पालकच अळणी निघाला!"

अग्लायाची बोटे थांबली नाहीत, जप मात्र थांबला. पन्नासाव्या गाठीवर ती खळखळून हसली. शंभरावी आली तेव्हा सासूची तिसरी गोष्ट चालू होती. मग तिने क्रूसाची खूण केली आणि माझा मुका घेतला.

मित्रांनो, तिने जप सोडून दिला असता, तरी मी समजून घेतले असते. पण तिने मला खोट्या साक्षीला उभे केले.

डोम्ना बरी होऊन आली. "ताई, मला भूल दिली तेव्हा तू कितव्या गाठीवर होतीस?"

"पन्नासाव्या," अग्लाया खाली बघत म्हणाली.

"वाटलंच मला! तुझं रडणं मला आत ऐकू येत होतं. ही दोरी मला दे ना, ताई."

अग्लायाने हातातला निखारा टाकावा तसे मला देऊन टाकले.

डोम्नाने मला काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावले. लोक वाकून नमस्कार करतात. कुणाचे बोट मात्र लागत नाही. अग्लाया दर रविवारी चर्चहून येते आणि माझ्याकडे पाठ करून बसते.

गेल्या रविवारी डोम्ना कॉफी करायला आत गेली. अग्लाया वळली. मला वाटले, आता काच उघडेल. ती उघडली नाही. तिने पदराच्या काठासारखी आपल्या झग्याची कड चिमटीत धरली. "प्रभू येशू, दया कर." एकेका चिमटीला एकेक जप करत थोडे पुढे जाऊन ती अडली. "भटकलेच," असे पुटपुटून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आतून डोम्ना ओरडली, "ताई, साखर किती घालू?"

अग्लायाने कडेची पुढची चिमूट धरली. "प्रभू येशू, दया कर."

मी काचेआडून बघत राहिले. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला अशी टांगून ठेवू नका. हातात घ्या. मन भटकले तर गाठ मोजू नका, मागे या. आम्हाला उसवण्याची सवय आहे.