फाटकाबाहेरचे गुन्हे

महाविद्यालयाच्या सुरक्षा अहवालानुसार आवाराच्या आत एकही गुन्हा घडला नव्हता. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर मात्र चोरी, छेडछाड, मारामारी, सगळे काही घडले होते.

भौतिकशास्त्राच्या बाईंनी अहवाल मिटला. समोर त्यांची भाची बसली होती, याच महाविद्यालयात शिकणारी. प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावर कुणीतरी अंधारात तिचा हात धरला होता. हिसका देऊन ती पळाली होती. तिची तक्रार अहवालात होती, पण जागा होती फाटकाबाहेरची. त्यामुळे जिन्यावर दिवा आणि पहारा ठेवण्याची मागणी फेटाळली गेली होती.

"मावशी, मी जिन्यावरच होते गं. की आता मलाच भास झाला म्हणायचं?"

"माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण तो पुरावा होत नाही."

बाईंचा पहिला संशय प्राचार्यांवर गेला. प्रवेश तोंडावर आले होते. पण ज्याला लपवायचे आहे तो फक्त जागा बदलून असे अर्धेमुर्धे कशाला लपवेल? प्रयोगशाळेतली एक दुर्बीण खरोखरच नाहीशी झाली होती. तिची तक्रार घेऊन बाई सुरक्षा चौकीत गेल्या.

"या मॅडम! तुमचंही काही गेलं? आवारात चोर नाहीत, म्हणजे भूतानंच नेलं असणार," सुरक्षा अधिकारी हसले.

"भुताचंही नाव लिहा. जागा कोणती लिहिताय?"

"ती आपोआप येते." त्यांनी संगणकाचा पडदा वळवला. जागेच्या रकान्यात 'फाटकाबाहेर' आधीच उमटले होते.

बाईंनी खिडकीतून पाहिले. फाटक रुंद करताना चौकी भिंतीपलीकडे, रस्त्यावर सरकवली होती.

"हे बदलता येत नाही?"

"येतं की. मी सुरुवातीलाच प्राचार्यसाहेबांना विचारलं होतं. म्हणाले, राहू द्या, आकडे बरे दिसतात."

"आधी माझ्या भाचीची तक्रार उघडा. बदला."

"आणि साहेबांनी विचारलं तर?"

"माझ्याकडे पाठवा."

अधिकाऱ्यांनी कपाळ पुसले आणि सावकाश टंकले: प्रयोगशाळेचा मागचा जिना.

कारण एवढेच होते. संगणक गुन्हा घडल्याची नव्हे, तर तक्रार नोंदवल्याची जागा भरत होता. चौकी भिंतीबाहेर होती. आणि ही चूक ज्यांना कळली होती, त्या प्राचार्यांना ती सोयीची वाटली होती.